लाभपंचमीपर्यंत कपाट बंद

धरणगावच्या त्या जिनिंग मिलमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, जखमी कामगाराला औषध मिळत असे. मात्र ते गिळल्याचं तोंड उघडून दाखवावं लागे. हे मी वाढवून लिहीत नाही. पत्रकं लिहून लिहून माझी भाषा बिघडली, असं आमच्या जळगावच्या युनियन कचेरीतले नाना म्हणायचे. बिघडली असेल. पण ही गोष्ट साधी सांगितली तरी पत्रकासारखीच वाटते, त्याला मी काय करू?

पद्धत अशी होती. मशीनवर कुणाला लागलं की मिल त्याला सरकारी दवाखान्यात पाठवी. डॉक्टर औषध लिहून देत. ते औषध मिल विकत आणी आणि पेढीवर, म्हणजे मिलच्या कचेरीत, तिजोरीशेजारच्या लाकडी कपाटात ठेवी. जखमी माणसानं सकाळी आणि संध्याकाळी पेढीवर यायचं, पायरीखाली उभं राहायचं. मुनीमजी कपाट उघडत, गोळी किंवा कॅप्सूल तळहातावर वरून टाकत. माठातल्या पाण्याचा पेला पुढे येई. गिळायचं. मग मुनीमजी म्हणत, "तोंड उघड. जीभ वर कर." जीभ वर. "जा."

पूर्वी औषधाच्या दुकानावर चिठ्ठी मिळायची. पण बाया दुकानात औषध परत देऊन पैसे घेतात, असा बोभाटा झाला आणि चिठ्ठ्या बंद झाल्या. बोभाटा खरा होता की खोटा, हे कुणी तपासलं नाही. खरा असेल तर तो का खरा झाला, हेही कुणी विचारलं नाही.

कायदा कुठे होता, असं वाचणारा विचारील. कायदा होता. मोठ्या कारखान्यांतल्या कामगारांना विमा होता, दवाखाने होते, औषधाची सोय होती. पण जिनिंग हा हंगामी धंदा. कापूस आला की चालू, संपला की बंद. हंगामी कारखान्यांना ती योजना लागू नव्हती. उरला नुकसानभरपाईचा कायदा. त्यात बोट तुटलं तर किती आणि हात तुटला तर किती याचा हिशोब होता. तुटलेल्या बोटाला दर होता, बोट वाचवणाऱ्या औषधाचं नाव नव्हतं. ते मालकाच्या मर्जीवर. ही ओळ मी एका पत्रकात वापरली होती. नाना म्हणाले, "ही बरी आहे." नानांकडून तेवढं म्हणजे पुष्कळ.

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होतो. एकोणसत्तर-सत्तरचा तो हंगाम. युनियनची कचेरी जळगावात एका सायकल दुकानाच्या माडीवर होती. मी पत्रकं लिहायचो, पायानं चालवायच्या छापयंत्राशी उभं राहून ती छापून घ्यायचो आणि सुरत लाइनच्या पॅसेंजरनं धरणगावला जाऊन गेटवर वाटायचो.

त्या वर्षी दसऱ्यानंतर मिलनं थोडी मशीनं आधीच सुरू केली. बागायती कापूस लवकर आला होता आणि तो दवानं ओला होता. ओला कापूस मशीनच्या फिरत्या रुळाला चिकटतो, गुंडाळतो. मशीन थांबवून तो काढावा असा नियम. मशीन थांबवलं तर मुकादम आई-बहिणीवरून बोलतो, हाही नियमच. त्यामुळे बाया चालत्या रुळावरून हातानं तो ओढून काढत. अशाच एका सकाळी एका बाईचा उजवा हात आत गेला.

तिला सगळे अक्का म्हणत, मीही म्हणतो. चाळिशीच्या पुढची, विधवा, एकुलती मुलगी धुळ्याला दिलेली. मिलच्या मागच्या गल्लीत एका खोलीत एकटी राहायची. बोलायला धारदार. माझी पत्रकं तिला वाचता येत नसत, पण गेटवर ती हमखास एक मागून घ्यायची. मी एकदा विचारलं, "अक्का, याचं काय करतेस?" तर म्हणाली, "पापड वाळत घालस, भाऊ. तुना कागद लई जाड शे."

जळगावच्या सरकारी दवाखान्यात तिच्या दोन बोटांची पेरं काढली, तळहाताला टाके घातले. तरुण डॉक्टर होता, डोळे जागरणानं लाल झालेले. तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघून तो म्हणाला, "हाताचं हाड चेचलंय. मशीनचं तेल आत गेलंय. या कॅप्सूल मध्ये खंड न पडता गेल्या पाहिजेत. खंड पडला तर मी हाताची खात्री देत नाही." दवाखान्यात त्या नव्हत्याच. बाहेरून आणा. म्हणजे मिल. म्हणजे कपाट.

आता मुनीमजींबद्दल सांगायला हवं, नाहीतर वाचणारा त्यांना पत्रकातला राक्षस समजेल. ते राक्षस नव्हते. ते राक्षस असते तर माझं काम सोपं झालं असतं. मिलमालक शेठजींच्या घराण्याबरोबर त्यांचे पणजोबा राजस्थानातून इकडे आले. मुनीमजींचा जन्म धरणगावचा, बोलणं आमच्यासारखंच. साठी ओलांडलेली, अंगानं वाळलेले, कानात अत्तराचा फाया. कामगार त्यांना आबा म्हणत आणि ते कधी कुणाचा पैसा खात नसत. वजनात मारत नसत. त्यांच्याबद्दल एक गोष्ट धरणगावात सगळे मान्य करत: पेढीवर बसून त्यांनी आयुष्यात खोटं बोललेलं नाही. मी गेलो की चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "या पुढारी. आज कोणती क्रांती?"

त्यांचा एक नियम होता. बाहेरचं औषध घ्यायचं नाही. ज्यानं मिलचं सोडून दुसरीकडचं औषध घेतलं, त्याचं मिलचं औषध त्या दिवसापासून बंद, आणि त्याची जागाही मोकळी. मी एकदा या नियमावरून भांडलो. ते शांतपणे म्हणाले, "जोवर मिलचं औषध खातो तोवर तो मिलचा माणूस. आम्ही त्याला बरा करतो आणि कामाला लावतो. दुसऱ्यानं बरा केला तर तो दुसऱ्याचा. त्यानं त्याला काम द्यावं." यात त्यांना काही वावगं दिसत नव्हतं. अक्कालाही दिसत नव्हतं. मशीनवर ती आता बसू शकणार नव्हती, पण आबांनी तिला शब्द दिला होता: टाके निघाले की कवडी निवडायच्या कामावर घेतो. कवडी म्हणजे कापसातली पिवळी, डागी बोंडं. ती डाव्या हातानंही निवडता येतात. तो शब्द हीच तिची पुढची सगळी वर्षं होती.

दिवाळी जवळ आली तेव्हा मला धास्ती वाटायला लागली. शेठजींच्या पेढीचा रिवाज असा की लक्ष्मीपूजनाला वह्या पुजल्या, तिजोरी पुजली, की लाभपंचमीपर्यंत पेढीतून काही बाहेर जात नाही. पैसा नाही, माल नाही, सुईसुद्धा नाही. गेली तर लक्ष्मी गेली. लाभपंचमीला मुहूर्तावर सगळं पुन्हा उघडायचं, मशीनंही तेव्हाच जोरात सुरू व्हायची. औषधाचं कपाट तिजोरीला लागून. त्यालाही किल्ली, त्यालाही हळद-कुंकू.

मी मुनीमजींना आधीच जाऊन विचारलं. "आबा, मधल्या दिवसांचं औषध?"

"लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी या. सगळं एकदम मोजून देतो. तिला घरी घेऊ दे. मी काय वैरी आहे का तिचा?"

"आणि तोंड उघडून दाखवायचं?"

ते हसले. "सणाचे दिवस आहेत, पुढारी. तेवढा विश्वास ठेवू."

मी खूश होऊन जळगावला परतलो. अक्कालाही सांगितलं. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी येतो, दोघं मिळून पेढीवर जाऊ.

त्या वर्षी अमावास्या दोन दिवसांत विभागून आली होती. आमच्या घरांतल्या भिंतीवरच्या पंचांगात लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवशी होतं. जळगावात आमच्या आळीत, धरणगावात अक्काच्या गल्लीत, सगळीकडे दुसऱ्या दिवशी. पेढीचं पंचांग वेगळं. ते राजस्थानातून यायचं आणि त्यात लक्ष्मीपूजन पहिल्या दिवशी संध्याकाळी होतं. हे मला माहीत नव्हतं. अक्कालाही नव्हतं. मुनीमजींना आमचं पंचांग माहीत नव्हतं. आयुष्यभर एकाच गावात राहून एकमेकांचा सण कोणत्या दिवशी हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

अक्का पहिल्या दिवशी सकाळी नेहमीसारखी गेली. मुनीमजी आत वह्यांच्या कापडी वेष्टनांत गुंतले होते. कारकुनानं कॅप्सूल दिली, तिनं गिळली, जीभ दाखवली, घरी आली. संध्याकाळी पुन्हा गेली तर पेढीच्या दारात रांगोळी, आत समया, वह्यांवर फुलं, आणि कपाटाच्या किल्ल्या चांदीच्या ताटात लक्ष्मीपुढे. ती पायरीखाली उभी राहिली. मुनीमजी पूजेतून उठून दाराशी आले.

"सकाळी का नाही नेलंस ग?"

"लक्ष्मीपूजन उद्या शे ना, आबा?"

"तुमचं उद्या. पेढीचं आज."

हे तिनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी सकाळच्या गाडीनं उतरून तिच्या दारात गेलो तर ती चुलीपुढे बसली होती आणि हात मांडीवर, बोळ्यासारखा, कापडात. रात्रभर ठणकला होता.

मी तसाच पेढीवर गेलो. दार उघडं होतं, आत सगळं जागच्या जागी, फुलं जरा कोमेजलेली. मुनीमजी एकटे गादीवर बसले होते. त्यांच्या तोंडावर झोप नव्हती, हे मी तेव्हाही पाहिलं.

मी म्हणालो, "आबा, चूक झाली. तुमचीही, आमचीही. किल्ली उचला."

"किल्ली माझी नाही आता."

"मग कुणाची?"

त्यांनी ताटाकडे बघितलं.

"तिचा हात जाईल," मी म्हणालो. "डॉक्टरनं सांगितलंय."

"शेठजींच्या नातवाला औषध लागलं तरी हे कपाट आज उघडणार नाही."

"शेठजींच्या नातवाला घरी दुसरं कपाट असेल!"

ते हळूच म्हणाले, "पुढारी, या पेढीवर तीनशे माणसं जगतात. यातलं काही बाहेर गेलं आणि हंगाम बुडाला, तर त्या तीनशेंना मी काय सांगू? तुम्ही सांगाल?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते खरोखर घाबरले होते. माझ्यासमोर एक घाबरलेला, प्रामाणिक माणूस बसला होता आणि त्याच्या मागे चार हातांवर एक कपाट होतं, त्यात कॅप्सूल होत्या, आणि ते कपाट फोडायचं धैर्य माझ्याकडे नव्हतं. पत्रकात मी रोज भिंती फोडायचो.

मी जळगावला परत गेलो. नानांना सांगितलं. नाना विडी ओढत होते. म्हणाले, "बाजारातून घेऊन दे, असं म्हणायला आला असशील."

"हो."

"एकदा युनियननं औषध दिलं की उद्यापासून मिल म्हणेल, युनियन देते. सगळ्या जिनिंगांत हेच होईल. इतकी वर्षं भांडून औषध मालकाच्या गळ्यात बांधलंय, ते तू एका दिवसात सोडवणार."

"नाना, हात सुजलाय."

"मी नको म्हटलं का? मी काय होईल ते सांगितलं." आणि पाठ फिरवून त्यांनी विडी विझवली. त्यांनी नको म्हटलं नाही, हे खरं. पण हो म्हणायचीही त्यांना हिंमत झाली नाही. त्या दिवाळीत हिंमत कुणाचीच झाली नाही.

पत्रकाच्या कागदासाठी ठेवलेल्या पैशांतून मी कॅप्सूल घेतल्या. त्याच. लाल-पिवळ्या. दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, अक्काच्या हातावर ठेवल्या. तिनं त्या उलट्या-सुलट्या केल्या, हुंगल्या आणि मला परत दिल्या.

"नको."

"अक्का, त्याच आहेत. बघ, रंग बघ."

"माले बठ्ठं समजस. बाहेरनी गोळी खादी का मिलनी बंद."

"कुणाला कळणार आहे?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी मूर्ख आहे. गल्लीत भिंतीला भिंत लागून खोल्या. शेजारी मुकादमाची मावशी. मी जळगावहून पुडी घेऊन आलो हे माझ्या आधी गल्लीत पोचलं होतं.

मी भांडलो. मी वाईट भांडलो. मी तिला भित्री म्हणालो, गुलाम म्हणालो, जे जे शब्द पत्रकात जाड ठशात घालतो ते सगळे म्हणालो. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मना हात मना शे, भाऊ. तुना पत्रकना नही."

"हात गेल्यावर कवडी कशानं निवडशील?"

"डावा शे ना." आणि तिनं डावा हात वर करून बोटं नाचवली. शेजारच्या बाया हसल्या. तीही हसली. हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं आणि ती भिंतीला टेकली.

भाऊबीजेला मी पुन्हा गेलो. गल्लीत पोरं टिकल्या फोडत होती, वास फटाक्यांच्या दारूचा होता, पण तिच्या खोलीत शिरलो तर दुसरा वास होता. ज्यानं तो एकदा घेतलाय त्याला सांगावं लागत नाही. कापडाबाहेरची बोटं काळसर, चकचकीत, दुसऱ्या कुणाचीतरी असल्यासारखी. ती तापानं लाल झाली होती. तरी म्हणाली, "पंचमी तीन दिनवर शे. तोपर्यंत राही."

मी बैलगाडी आणली, तिला स्टेशनवर नेलं. तिला विरोध करायची ताकद नव्हती. गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून एकच विचारत राहिली, "आबाले सांगं का? दवाखान्यात जास असं सांगं का?"

तोच डॉक्टर होता. त्यानं कापड सोडलं, बोटं दाबून बघितली. मग म्हणाला, "मनगटाच्या वरून. आत्ता. उशीर केला तर खांद्यापासून, आणि आणखी उशीर केला तर काहीच करायला नको."

अक्कानं डोळे उघडले. "हाई बाहेरनं व्हई का?"

डॉक्टरला समजलं नाही. मला समजलं. हात कापणं हे मिलच्या बाहेरचं औषध धरतील का, असं ती विचारत होती. ती हट्टाला पेटली. आबांना विचारल्याशिवाय ती आत जाणार नव्हती. हात हलवू देईना, कागदावर अंगठा देईना.

धरणगावला ट्रंक कॉल बुक केला तर लागायला संध्याकाळ झाली असती. आणि लागला असता तर काय उत्तर आलं असतं, हे मला माहीत होतं. मी बाहेर गेलो. दवाखान्याच्या फाटकाशी चहाच्या गाडीपाशी उभा राहिलो, अर्धा चहा प्यालो, आणि परत आत आलो.

"इचारं का आबाले?" तिनं विचारलं.

"विचारलं. फोन केला."

"काय म्हने?"

"म्हणाले, खुशाल करा. तू मिलचीच आहेस."

मी खोटं बोललो. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बोलेन. तिनं डाव्या हाताचा अंगठा पुढे केला.

लाभपंचमीला पेढी उघडली. वह्यांवर पहिली अक्षरं पडली, मशीनं सुरू झाली, गूळ-धणे वाटले. मी तिथे होतो. मुनीमजींनी मला बघितल्याबरोबर कपाट उघडलं, कॅप्सूलची सबंध पुडी काढली आणि स्वतः पायरी उतरून माझ्याकडे आले. "तिला बोलव. नाहीतर चल, मीच येतो तिच्या घरी."

मी त्यांना सांगितलं. हात मनगटाच्या वरून गेला आणि दवाखान्यात तिला आम्ही विकत आणलेली औषधं चालू आहेत.

ते पुडी हातात घेऊन उभे राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं, मी शपथेवर सांगतो. मग ती पुडी त्यांनी परत कपाटात ठेवली, किल्ली फिरवली आणि खिशात टाकली.

पुढे अक्का बरी होऊन गावात आली. फडक्यात गुंडाळलेला थोटा हात घेऊन ती थेट पेढीवर गेली. मीही बरोबर होतो. पायरीखाली उभी राहून म्हणाली, "आबा, मी उनू. कवडीवर कधी बसू?"

शेठजींचा मुलगा त्या दिवशी पेढीवर होता. त्यानं मुनीमजींना विचारलं, "हिनं बाहेर औषध घेतलं, ते तुम्हाला विचारून?"

अक्का मध्येच बोलली, "इचारं ना. फोन कया. आबा म्हनात, खुशाल करा."

सगळी पेढी मुनीमजींकडे बघायला लागली. मी त्यांच्याकडे बघत होतो. एक शब्द. तो म्हटला असता तर तिचं काम राहिलं असतं, तिचं औषध राहिलं असतं, आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. त्यांनी अक्काकडे बघितलं नाही. वहीकडे बघितलं.

"मला कुणी विचारलं नाही," ते म्हणाले.

मी तिच्याबरोबर गल्लीपर्यंत आलो. दाराशी कुलूप डाव्या हातानं उघडायला तिला वेळ लागत होता. मी पुढे झालो तर तिनं कोपरानं ढकललं. मग कुलपाकडेच बघत म्हणाली, "मी मरी जातू ना भाऊ, ते मिल लाकडं देती." कामावर मेलेल्या माणसाच्या सरणाला ती मिल लाकडं देत असे, हाही एक रिवाज.

नुकसानभरपाईच्या कायद्यातून तिला हाताची रक्कम मिळाली. ती आम्ही भांडून घेतली, तिचं पत्रकही काढलं. ती धुळ्याला लेकीकडे गेली. तिथे ती शेंगा फोडायची, एक शेंग दातात आणि एक हातात.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्याच मिलमध्ये एका सुनेचा हात मशीनमध्ये गेला. कोवळी पोर, लग्नाला वर्ष झालेलं. पद्धत तीच, कपाट तेच. या वेळी पंचांग विचारून घ्यायचं एवढं आम्ही शिकलो होतो. पण पोरीला मिलच्या कॅप्सूल उतरत नव्हत्या, सगळ्या ओकून पडत. डॉक्टरनं दुसरं औषध लिहिलं. मुनीमजी म्हणाले, आणू, पंचमीनंतर. आणि बाहेरचं ती घेईना. मी धुळ्याला अक्काकडे गेलो. म्हटलं, तिला काही निरोप दे. तू सांगशील तर ऐकेल.

"ऐकाव नही," अक्का शेंग फोडत म्हणाली. "मी बी तुनं कोठे ऐकं?" मग टरफलं झटकून उठली. "माले तठे ली चाल."

धुळ्याहून एरंडोलच्या गाडीत कंडक्टर तिकीट फाडत होता तेव्हा ती त्याला म्हणाली, "एक हात शे, अर्धं तिकीट दे." कंडक्टर म्हणाला, "आजी, मग ड्रायव्हरला पण अर्धंच चालवायला सांगू का, पारोळ्यापर्यंत?" ती इतकी हसली की पुढच्या बाकावरचे लोक वळून बघायला लागले. एरंडोलला गाडी बदलली तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला होता.

सकाळच्या पाळीच्या वेळी आम्ही मिलच्या गेटवर पोचलो. अक्का गेटच्या बाजूला दगडावर बसली आणि तिनं थोट्या हातावरचा पदर काढून टाकला. बाया आत जात होत्या. काही जणी बघत, काही जणी मान वळवत. एक म्हातारी तिच्यापुढे थांबली, वाकून तिच्या गुडघ्याला हात लावून आत गेली. मग ती पोर आली, सकाळच्या कॅप्सूलसाठी पेढीवर निघालेली, हात गळ्यात अडकवलेला, बरोबर सासू. सासूनं तिला पुढे ढकललं. पोर थांबली. बराच वेळ त्या मनगटाकडे बघत राहिली, जिथे काही नव्हतं.

"आणि काम?" तिनं विचारलं.

"हात बी गया, काम बी गयं," अक्का म्हणाली.

दुसऱ्या औषधाची पुडी माझ्या खिशात होती. मी ती काढून पुढे केली. सासू काहीतरी बोलायला लागली, तेवढ्यात पोरीनं डाव्या हातानं एक कॅप्सूल उचलली आणि पाण्याशिवाय गिळली. घशात अडकली तसं तिनं डोळे गच्च मिटले.

पेढीची खिडकी गेटकडे तोंड करून आहे. मी वर बघितलं. मुनीमजी गजांशी उभे होते, चष्मा कपाळावर. त्यांनी पाहिलं होतं. त्यांना कुणी विचारलं तर ते तसंच सांगणार होते.

भोंगा झाला. पोर आत गेली.